सुई टोचली, आता?

साताऱ्याच्या एका सिस्टरांचा प्रश्न आहे : रात्रपाळीत वापरलेली सुई बोटात घुसली, सोबतची सिस्टर म्हणाली, ‘रक्त पिळून काढ.’ बरोबर का?

नाही. बोट पिळू नये, तोंडात तर मुळीच घालू नये. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावे, लगेच ड्यूटीवरच्या डॉक्टरांना सांगावे. ओरडा बसेल म्हणून गप्प राहणे महागात पडते, कारण एचआयव्हीचा धोका असेल तर प्रतिबंधक गोळ्या शक्यतो २ तासांत, फार तर ७२ तासांत सुरू व्हाव्या लागतात. कोर्स २८ दिवसांचा. बाधित रक्ताच्या एका टोचणीतून एचआयव्ही होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के. लस न घेतलेल्यांना कावीळ ‘बी’चा धोका कितीतरी मोठा.

मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय काढले, त्या काळी सुया उकळून पुन्हा वापरत. आता सुईला टोपणही परत लावायचे नाही. थेट पांढऱ्या डब्यात.