वाट बांधणे आणि वाट राखणे

पाऊलवाट ही पायांनी आपोआप पडते, ती कोणी बांधावी लागत नाही, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. गुराख्याच्या वाटेपुरती ती खरीही आहे. परंतु ज्या डोंगरवाटेने शेकडो माणसे केवळ फिरण्याच्या आनंदासाठी जातात, ती कोणी राखली नाही तर थोड्याच पावसाळ्यांत तिचा ओहोळ होतो. हे काम वेतनाविना करणाऱ्या मंडळींचा एक मोठा दाखला अमेरिकेत आहे. तो वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटले.

अमेरिकेच्या पूर्व भागात अ‍ॅपलाचियन नावाची पर्वतरांग आहे. तिच्या माथ्यावरून सलग पायवाट असावी, ही कल्पना बेंटन मॅकाय या वनतज्ज्ञाने १९२१ साली मांडली. १९२५ साली त्यासाठी परिषद स्थापन झाली. मॅकाय हे कल्पनेचे धनी. पण रानात शिरून वाट जुळविण्याचा खटाटोप मायरन एव्हरी या वकिलाने आणि गावोगावच्या मंडळांनी केला. सरकारी रोजगार योजनेतील तरुणांचेही हात त्यास लागले. १९३७ साली जॉर्जियापासून मेनपर्यंत वाट पुरी झाली, आणि लगेच १९३८ च्या वादळाने ती उत्तरेकडे मोडली! पुढे युद्ध आले. ती पुन्हा सलग होण्यास १९५१ साल उजाडले. आज ती १४ राज्यांतून सुमारे २,१९० मैल जाते. १९६८ साली तिला राष्ट्रीय कायद्याचे संरक्षण मिळाले. तरीही देखभालीचा मोठा भार सुमारे तीस मंडळांच्या स्वयंसेवकांवरच आहे. प्रत्येक मंडळाकडे एक टप्पा असतो, आणि त्यातील काही मैल एखाद्या गृहस्थाने किंवा कुटुंबाने आपले मानलेले असतात. वाट कळावी म्हणून झाडांवर दोन इंच रुंद व सहा इंच उंच पांढरा पट्टा रंगविलेला असतो. एकावर एक दोन पट्टे दिसले की पुढे वळण आहे असे समजावे.

आता खरा शत्रू पाहू. तो म्हणजे पाणी. उतारावर सरळ खाली जाणारी वाट म्हणजे पाण्यास आयती दिलेली पन्हळ. म्हणून जाणते लोक वाट डोंगराच्या कुशीने, आडवी व मंद चढाची नेतात आणि तिची बाहेरची कड किंचित कलती ठेवतात, म्हणजे पाणी वाटेवर न रेंगाळता दरीकडे निघून जाते. जेथे चढ टळत नाही तेथे वाटेवर तिरका दगड किंवा ओंडका पुरून पाणी बाजूस काढतात. या आडाच्या तोंडाशी माती व पाला साचतो. तो उपसला नाही तर सारा खटाटोप व्यर्थ! चिखलाची जागा आली की माणसे कडेकडेने चालतात, वाट रुंदावते व गवत मरते. तेथे फळ्या किंवा दगड टाकावे लागतात. नागमोडी वळणे टाळून मधूनच उतरणारे हौशी लोक तर पाण्याचे सख्खे भाऊच. आमचे विद्यार्थीही यात मागे नाहीत. अशा आडवाटेच्या तोंडाशी काटेरी फांद्या टाकणे हा शब्दांपेक्षा परिणामकारक उपाय होय.

आमच्या बेळगाव भागात, विशेषतः जांबोटी-खानापूरकडे, पाऊस जबर आणि माती तांबडी. येथे हे शास्त्र दुप्पट लागू पडते. रस्त्यातील अपायकारक वस्तू दूर करणे हे दान होय, अशी प्रेषितांची शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पाणपोई व धर्मशाळा बांधणाऱ्यांची आपल्याकडे परंपराही आहे. अडचण निराळीच आहे. बांधणाऱ्याचे नाव कोनशिलेवर येते, पाला उपसणाऱ्याचे कोठेच येत नाही. म्हणून विश्वस्त संस्थांच्या अंदाजपत्रकात बांधकामास रक्कम असते, देखभालीस क्वचितच.

आपल्या संस्थेतील तरुणांनी एखादी वाट पत्करावयाची झाल्यास प्रथम वनखात्याची परवानगी घ्यावी. वाट लहान घ्यावी. एक मैल पुष्कळ झाला. मृगापूर्वी आड साफ करावेत, आणि दसऱ्यानंतर वाढलेले गवत विळ्याने कापावे. मधल्या काळात एकदा भर पावसात, छत्री व वही घेऊन, ती वाट चालून यावे. पाणी कोठून येते व कोठे थांबते हे त्या दिवशी दिसते तसे उन्हाळ्यात कुदळ घेऊन गेल्यावर दिसत नाही.