नावांवरच्या लहान खुणा



बाप्तिस्म्याची जुनी पोर्तुगीज नोंद पाहिली, की काही अक्षरांच्या डोक्यावर वा पायाशी बारीक खुणा दिसतात. शाईचा डाग समजून आपण त्या सोडून देतो. पण त्यांनी उच्चार बदलतो, क्वचित माणूसही बदलतो! पोर्तुगीजमध्ये आजी आणि आजोबा हे शब्द त्याच तीन अक्षरांनी लिहितात. शेवटच्या 'ओ'वर तिरपी रेघ असेल तर आजी, छोटे छप्पर असेल तर आजोबा.

आपल्या परिचयाचे गोन्सालविस हे आडनाव घेऊ. मूळ पोर्तुगीज लेखनात त्याच्या मध्यभागी 'एस' नाही, 'सी' आहे. 'सी'पुढे 'ए' आला की एरवी 'क' उच्चारतात. तेथे 'स' म्हणावे म्हणून 'सी'च्या पायाशी शेपटी जोडतात. तिला सेदिल्या म्हणतात. या शब्दाचा अर्थ छोटा 'झेड', कारण स्पेनमधील जुन्या हस्तलिखितांतल्या 'झेड'पासूनच ही खूण निघाली. शेपटी गळाली, तर आडनाव 'गोन्कालविस' असे वाचले जाईल. पुढे इंग्रजी लेखनात कोणी उच्चार राखून 'एस' लिहिला, कोणी अक्षर राखून नुसता 'सी'. त्यामुळे दोन स्पेलिंगे दिसली, म्हणून घराणी वेगळी असे लगेच ठरवू नये.

दुसरी खूण लाटेसारखी, तिचे नाव तिल. जागा वाचवण्यासाठी लेखनिक 'एन' अक्षर लहान करून वर लिहीत, त्यातून ती आली. तिचे काम आपल्या अनुस्वारासारखे, स्वर नाकातून काढायचा. योहान या नावाच्या पोर्तुगीज रूपात ती 'ए'वर असते. कोकणीतल्या 'जुवांव'मध्ये तोच नाकातला सूर ऐकू येतो. जुन्या हस्तलिखितांत मात्र ही लाट पुष्कळदा शेवटच्या 'ओ'वर सरकलेली असते. नाव तेच. पोर्तुगीज शुद्धलेखनाला १९११ साली नियम लागले, त्याआधी एकच नाव अनेक तऱ्हांनी लिहीत.

आज पासपोर्टवरील यंत्राने वाचायच्या ओळींत 'ए' ते 'झेड' ही साधी अक्षरेच चालतात, तेथे खुणांना जागा नाही. म्हणून आपण पूर्वजांची नोंद उतरवून घेताना नाव खुणांसकट जसेच्या तसे लिहावे, आजचे स्पेलिंग शेजारी वेगळे ठेवावे. संगणकावर नाव शोधताना 'सी' आणि 'एस' दोन्ही घालून पाहावे.