जाझ फेस्टिव्हल येतोय, पण माल किती भरायचा?



जाझ फेस्टिव्हलचं पोस्टर लागलं की मैदानाजवळचे सगळे दुकानदार खूश. गर्दी येणार, धंदा होणार! पण गर्दी नक्की किती? आज हा एकच प्रश्न घेऊ.

आधी एक खरं उदाहरण. अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स म्हणजे जाझचं माहेरघर. तिथला जाझ अँड हेरिटेज फेस्टिव्हल १९७० मध्ये सुरू झाला. ड्यूक एलिंग्टन, महालिया जॅक्सन यांच्यासारखे कलाकार होते, तरी पहिल्या वर्षी मेळ्याला माणसं आली जेमतेम ३५०. कलाकारच त्याच्या दुप्पट! पुढे २००१ मध्ये, लुई आर्मस्ट्राँगच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, आकडा साडेसहा लाखांवर गेला. आणि २०२० व २०२१ मध्ये कोरोनामुळे फेस्टिव्हल झालाच नाही.

शहर तेच, नाव तेच. म्हणून गर्दीचा एकच आकडा धरू नका, तीन धरा: कमी, मध्यम, जास्त.

समजा तुम्ही सँडविच विकता. एक पडतं ४० रुपयांना, विकता १०० ला. विकलं तर ६० नफा, उरलं तर ४० गेले. गिऱ्हाईक १००, १५० किंवा २५० येईल आणि तिन्ही शक्यता सारख्याच आहेत असं धरू.

• १०० बनवले: तिन्ही वेळा नफा ६,००० रुपये.
• १५० बनवले: ४,०००, ९,००० किंवा ९,०००. सरासरी सुमारे ७,३३०.
• २५० बनवले: शून्य, ५,००० किंवा १५,०००. सरासरी सुमारे ६,६७०.

म्हणजे १५० बरे. १५,००० चा आकडा डोळ्यांसमोर नाचतो खरा, पण पाऊस आला तर दिवसभर राबून हातात शून्य!

आता पाण्याच्या बाटल्या घ्या. उरल्या तरी पुढच्या आठवड्यात विकल्या जातात. तिथे २५० चा हिशोब धरा. थोडक्यात, नासणारा माल बेताने, टिकणारा माल सढळ हाताने.

आणखी तीन गोष्टी:

१. ठोक व्यापाऱ्याशी आधीच बोला. उरलेला माल परत घेणार का, हे माल उचलायच्या आधी ठरवा, नंतर नाही.

२. श्रोते गाणं सोडून उठत नाहीत. दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात सगळे एकदम येतात. त्यामुळे पाकिटं बांधून तयार, सुटे पैसे जवळ, क्यूआर कोड समोर.

३. फेस्टिव्हलसाठी कर्ज काढू नका. कार्यक्रम रद्द झाला तरी हप्ता रद्द होत नाही.

आज रात्री गल्ला मोजून झाला की एक कागद घ्या. तुमच्या एका वस्तूचा खरेदी भाव, विक्री भाव आणि गर्दीचे तीन आकडे लिहा. दहा मिनिटांचं काम आहे. मग फेस्टिव्हलची वाट बघा, आणि जमलं तर थोडं जाझही ऐका!