स्वस्तातली गेम की : मुलांशी बोलण्याआधी आपण काय समजून घ्यावे?



आठवी-नववीच्या मुलांमध्ये हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येते, "अरे, तीच गेम मला निम्म्या किमतीत मिळाली!" आपण कौतुकाने हसतो आणि विषय सोडून देतो. पण मुलाने पैसे नेमके कोणाला दिले, हे विचारायला हवे.

आधी 'की' म्हणजे काय ते पाहू. कॉम्प्युटरवरची गेम आता बहुधा सीडीवर येत नाही. पंधरा-वीस अक्षरे आणि आकड्यांचा एक कोड मिळतो. तो स्टीमसारख्या ठिकाणी आपल्या खात्यात टाकला की गेम त्या खात्याला जोडली जाते. कोड एकदाच चालतो. रिचार्ज कूपन आठवा, खरवडून नंबर टाकला की ते संपले. तसेच हे.

मग हा कोड कोणी स्वस्तात कसा विकतो? सगळेच चोरीचे असते असे मुळीच नाही, आणि मुलांना तसे सांगूही नये, ती लगेच आपल्याला खोटे पाडतील. गेम बनवणारे स्वतःच इतर दुकानांना की देतात. हंबल बंडल, फॅनॅटिकल, ग्रीन मॅन गेमिंग ही अशी अधिकृत दुकाने आहेत आणि तिथे खरोखर मोठी सूट मिळते. अडचण आहे ती दुसऱ्या प्रकारच्या बाजाराची. तिथे कोणीही अनोळखी माणूस आपल्याकडची की विकायला ठेवू शकतो आणि ती त्याच्याकडे कुठून आली हे घेणाऱ्याला कळत नाही. ती दुसऱ्या देशात स्वस्तात घेतलेली असेल (मग आपल्याकडे चालेलच असे नाही), किंवा चोरलेल्या क्रेडिट कार्डावर.

हा शेवटचा प्रकार नीट समजून घ्या, कारण खरी गोम इथेच आहे. चोर दुसऱ्याच्या कार्डाने गेम बनवणाऱ्याकडून की विकत घेतो आणि बाजारात अर्ध्या किमतीत विकून मोकळा होतो. काही दिवसांनी कार्डाच्या मालकाला व्यवहार दिसतो, तो बँकेकडे तक्रार करतो, बँक त्याचे पैसे परत करते. हे पैसे जातात गेम बनवणाऱ्याच्या खिशातून, वर दंडासारखे शुल्कही त्यालाच भरावे लागते. मग तो ती की रद्द करू शकतो. तुमच्या मुलाच्या खात्यातून गेम गायब! विकणारा तोवर कुठल्या कुठे पोहोचलेला.

हे नुसते बोलणे नाही. जानेवारी 2015 मध्ये युबिसॉफ्ट कंपनीने 'फार क्राय 4' वगैरे गेमच्या अशा की बंद केल्या. ज्यांनी गेम सुरू करून खेळायला घेतली होती त्यांना ती नंतर परत मिळाली, पण ती कंपनीची मेहेरबानी. दुसरे उदाहरण 'फॅक्टोरिओ' बनवणाऱ्या वुब सॉफ्टवेअरचे. 2019 मध्ये जी2ए या की-बाजाराने जाहीर केले, की आमच्याकडे चोरीच्या की विकल्या गेल्याचे सिद्ध झाले तर नुकसानीच्या दहापट भरपाई देऊ. तपासात 198 की तशा निघाल्या आणि 2020 मध्ये त्यांनी 39,600 डॉलर दिले. हे गणित वर्गात फळ्यावर द्या. एका कीमागे भरपाई किती? 200 डॉलर. ती दहापट असेल तर मूळ नुकसान किती? 20 डॉलर. एका छोट्या कंपनीला प्रत्येक चोरीच्या कीमागे काय सोसावे लागते, हे मुले स्वतःच काढतात. भाषणापेक्षा हे बरे.

आपल्याकडे आणखी एक प्रकार चालतो. टेलिग्राम किंवा इन्स्टाग्रामवरचा 'भाऊ' यूपीआयवर दोनशे-तीनशे रुपये घेतो आणि की न देता कुणाच्या तरी खात्याचा आयडी-पासवर्ड देतो. ते खाते तुमच्या मुलाचे कधीच होत नाही. पासवर्ड बदलला की खेळ खलास. त्याहून वाईट म्हणजे, "आधी अँटिव्हायरस बंद कर" असे सांगून एखादी फाइल चालवायला लावतात. असे कोणी सांगितले तर तिथेच थांबायचे, एवढे मुलांना पक्के सांगा.

पालकांनी करायचे ते सोपे आहे. गेम बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवर जाऊन 'विकत घ्या' तिथे कोणत्या दुकानाचे नाव आहे ते पाहा. शक्यतो थेट स्टीमवर घ्या. तिथे घेतल्यापासून 14 दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असेल तर पैसे परत मागता येतात. बाहेरून घेतलेल्या कीला ही सोय नाही. किमती रुपयांतच असतात, आणि उन्हाळी किंवा दिवाळीच्या आसपासच्या सेलपर्यंत थांबले तर बऱ्याच गेम आपोआप स्वस्त होतात.

पैसे गेलेच असतील तर मुलाला रागावण्यात वेळ घालवू नका. चॅट आणि व्यवहाराचे स्क्रीनशॉट ठेवा, बँकेला कळवा आणि 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. खात्याचा पासवर्ड त्याच दिवशी बदला. तोच पासवर्ड ईमेललाही असेल, तर तिथलाही.