बाळ फारच शांत आहे?

आईबाबांनो, “आमचं बाळ भारी गुणी, बसवलं तिथं बसून राहतं,” असं तुम्ही कौतुकानं सांगता, तेव्हा मला धास्ती वाटते. वर्षा-दीड वर्षाच्या मुलानं घर डोक्यावर घ्यायला हवं. खुळखुळा पुढे धरला तरी हात लांब न करणारं, सारखं कडेवर चिकटून राहणारं, भिंतीची माती चाटणारं मूल स्वभावानं शांत नसेलही. त्याच्या अंगात रक्त कमी असेल. खालची पापणी हलकेच ओढून बघा. आत फिकट दिसलं तर रक्त तपासून घ्याच. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांपैकी जवळजवळ ६९ मुलांना तो होता.

पहिल्या दोन वर्षांत मेंदूतल्या तंतूंवर भराभर आवरण चढत असतं. रक्ताला लागतं तसं त्यालाही लोह लागतं. कोस्टा रिकात संशोधक बेट्सी लोझॉफ यांनी तान्हेपणी लोह फार कमी पडलेल्या मुलांना वर्षानुवर्षं तपासलं. औषधानं त्यांचं रक्त कधीच भरून आलं होतं, तरी ११ ते १४ वर्षांची झाल्यावरही ती गणितात, लिहिण्यात मागेच होती. म्हणून “मोठं झाल्यावर सुधारेल” यावर विसंबू नका.

सुरुवात आईपासून करायची. पहिल्या सहा महिन्यांची लोहाची शिदोरी बाळ पोटातूनच घेऊन येतं. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर आई तळातली आमटी नि उरलेली भाकरी खात असेल, तर ती शिदोरी कुठून बांधणार? बाबांनो, आजींनो, गरोदर बाईचं ताट आधी वाढा. लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळं होतं हे साफ खोटं आहे. शौचाला काळी होते, एवढंच. गोळी चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत मात्र घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या.

सहा महिन्यांनंतर नुसत्या दुधावर भागत नाही, त्यात लोह अगदी थोडं. चहात बिस्कीट बुडवून भरवणं आजच थांबवा. मऊ वरणभात, त्यात शिजवलेली पालेभाजी, वर लिंबू. खात असाल तर अंडं, कलेजी. आशाताई लोहाचं सिरप देतात ते आठवड्यातून दोनदा, १ मिली. बाटली फळीवर तशीच पडून राहू देऊ नका. आणि औषध नीट देऊनही रक्त वाढत नसेल, विशेषतः विदर्भात किंवा नंदुरबारकडे राहत असाल, तर डॉक्टरांना सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी करायला सांगा.