दिवाणी दाव्यात पुरावा कोणी द्यावा?

पाणवठा, वहिवाट वा बांध यांवरील हक्काचे वाद दिवाणी न्यायालयात चालतात. तेथे जो हक्क सांगतो, त्यानेच तो सिद्ध करावयाचा असतो. महाडच्या चवदार तळ्याचा दावा याचे उदाहरण होय. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची जुनी रूढी आहे, असे सांगून वादींनी डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर प्रभृतींविरुद्ध तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. असा हुकूम म्हणजे अंतिम निकाल नव्हे. तथापि उठेपर्यंत तो पाळावा लागतो. डॉ. आंबेडकरांनी तो पाळला व न्यायालयात लढा दिला. रूढी अनादी असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी त्यांचे अपील फेटाळले. तात्पर्य, ‘पूर्वापार चालत आले’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. शेतकऱ्यांनी उतारे, नकाशे व पावत्या जपून ठेवाव्यात.