मूळ अवयव पाडताना काय करावे, काय टाळावे

चेन्नईच्या अण्णा नगरमधला विश्वेश्वरय्या टॉवर १३५ फूट उंच. १९६८ सालच्या व्यापार प्रदर्शनासाठी तो बांधला. तिथल्या मराठी घरांतल्या पाचवी-सहावीच्या मुलांना सरावासाठी याच संख्या द्याव्यात.

काय करावे

• २, ३, ५, ७, ११ याच क्रमाने भागा. एका संख्येने भाग जाईनासा होईपर्यंत पुढची घेऊ नका. १९६८ ला २ ने भागत गेलो की ९८४, ४९२, २४६, १२३. आता २ संपला. १२३ ची अंकबेरीज ६, म्हणजे ३ ने भाग जाणार, उरले ४१. उत्तर २×२×२×२×३×४१.

• उभी मांडणी करा. भाजक डावीकडे, भागाकार खाली.

• थांबायचे कुठे, हे नीट शिका. भाजकाचा वर्ग उरलेल्या संख्येहून मोठा झाला की पुढे तपासायची गरज नाही. ७×७ = ४९, म्हणून ४१ साठी ५ पर्यंत पुरे. अण्णा नगरचा पिनकोड ६०००४० मात्र कस पाहतो. त्यातून २×२×२×५×७ काढले की २१४३ उरते आणि तिच्यासाठी ४३ पर्यंत जावे लागते. ती मूळ संख्याच आहे.

• शेवटी सगळे अवयव गुणून पाहा.

काय टाळावे

• १ ला मूळ संख्या धरू नका. १३५ ची सुरुवात ५ ने करा की ३ ने, अवयव ३×३×३×५ हेच येतात. १ चालवून घेतला तर कितीही १ जोडता येतील आणि हा नियमच मोडेल.

• ४, ६, ९ ने भागून पाहू नका. २ आणि ३ चे काम आधीच झालेले असते.

• विषम दिसली की मूळ, असे समजू नका. ५१ म्हणजे ३×१७, ८७ म्हणजे ३×२९.

• ७ गाळू नका. सर्वाधिक चुका इथेच होतात, कारण ७ ची सोपी कसोटी मुलांना पाठ नसते. ९१ म्हणजे ७×१३. रामानुजन यांच्यामुळे प्रसिद्ध झालेली १७२९ म्हणजे ७×१३×१९. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांच्या ६१७४ मध्ये तर ७ तीनदा येतो: २×३×३×७×७×७.

• पालकांनो, मूल अडले की लगेच उत्तर सांगू नका. लसावि, मसावि, अपूर्णांकांचे संक्षिप्त रूप, वर्गमूळ, सारे पुढे यावरच उभे राहते. त्याला पाच मिनिटे जास्त लागली तर लागू द्या.